स्मिताने नेमकं काय केलं?

‘भूमिका’ पाहून उठलेल्या कुणालाही विचारा, स्मिता पाटीलचं काम कसं झालंय? उत्तर लगेच येतं, अप्रतिम. मग विचारा, म्हणजे तिने नेमकं काय केलं? इथे बोलणं अडखळतं. पुढे जे सांगितलं जातं ती बहुतेक वेळा उषाची कथा असते. नवऱ्याने तिच्या कमाईवर कसा हात मारला, सुख शोधत ती एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे कशी गेली, शेवटी एकटी कशी उरली. पण ही सगळी कथा पटकथेतली आहे. ती गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे आणि श्याम बेनेगल यांनी लिहिली, आणि तिच्यामागे हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन होतं. उषाच्या चेहऱ्यावरचा उजेड गोविंद निहलानींचा आहे. कोणता चेहरा किती वेळ दिसावा हे संकलकाच्या टेबलावर ठरलं. हे सगळं वजा करून जे उरेल ते स्मिताचं. प्रश्न असा की वजाबाकी करायची कशी?

एकच चित्रपट हाताशी असेल तर ही वजाबाकी करता येत नाही, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी त्या नटाची जवळजवळ सगळी कारकीर्द पाहावी लागते, आणि एकट्याने पाहून भागत नाही, सोबत वाद घालणारं दुसरं माणूस लागतं. दोन मित्रांनी किंवा मैत्रिणींनी ठरवून एखाद्या नटाचे सगळे चित्रपट पाहणं हा चाहत्यांचा खुळेपणा समजला जातो. पण अभिनयासारख्या निसटत्या गोष्टीचा अभ्यास करायला सामान्य प्रेक्षकाच्या हाती याहून चांगलं साधन नाही.

चेहरा त्याचा, अर्थ आपला

आधी अडचण किती खोल आहे ते पाहू. १९२०च्या आसपास मॉस्कोत लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग चित्रपटांच्या प्रत्येक शाळेत शिकवला जातो. मोझुखिन नावाच्या नामवंत नटाचा एक निर्विकार चेहरा घ्यायचा. त्याला एकदा सूपच्या वाडग्याचं दृश्य जोडायचं, एकदा शवपेटीचं, एकदा एका स्त्रीचं. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर पाळीपाळीने भूक, शोक आणि आसक्ती दिसली, आणि त्यांनी नटाची वाखाणणी केली, असं सांगतात. चेहरा मात्र तिन्ही वेळा तोच होता. शेजारच्या दृश्यावरून आपण मनात जी भर घालतो, ती चेहऱ्यावरच उमटली आहे असं आपल्याला वाटतं.

या प्रयोगाची मूळ फीत आज शिल्लक नाही. मानसशास्त्रज्ञांनी तो नव्याने करून पाहिला तेव्हा निकालही दर वेळी इतके ठळक आले नाहीत. तेव्हा पडद्यावर नट काहीच करत नाही, सगळं कात्रीच करते, असं म्हणणं घाईचं ठरेल. उलट बाजूचाही पुरावा आहे. ‘द कॉन्व्हर्सेशन’ या १९७४ च्या अमेरिकी चित्रपटाचं संकलन करताना वॉल्टर मर्चच्या लक्षात आलं, की आपण जिथे दृश्य तोडतो त्याच्या अगदी जवळपास नायक जीन हॅकमनची पापणी लवते. नट मनातला एक विचार संपवून दुसऱ्याकडे वळतो तिथे पापणी पडते, आणि संकलकाचा हात नकळत तोच ताल पकडतो. थोडक्यात, कात्री नटाला घडवते आणि नटही कात्रीला वळण लावतो. दोघांचं काम एकमेकांत असं मुरलेलं असतं की एका चित्रपटात ते सुटं करता येत नाही.

बाकी बदलू द्या, एक तसंच ठेवा

एका आमटीवरून हिंगाची चव कुणाला वेगळी सांगता येत नाही. पण तीच चिमूट आमटीत, बटाट्याच्या भाजीत, मठ्ठ्यात आणि कैरीच्या लोणच्यात पडली, की चारही ठिकाणी सारखं लागतं ते काय, हे जिभेला कळतं. कारकीर्द पाहण्यामागचं तत्त्व तेवढंच आहे. दिग्दर्शक, कॅमेरा, भाषा, पटकथा, पैसा हे सगळं बदलत असताना एकच माणूस तसाच राहतो. दृश्यामागून दृश्य पाहताना जे टिकून राहतं ते बहुधा त्या माणसाचं असतं, आणि जे दर वेळी पालटतं ते इतरांचं.

या कामासाठी स्मिता पाटीलइतकी सोयीची कारकीर्द सापडणं कठीण. ती आखूड आहे, जेमतेम बारा-तेरा वर्षांची, तरी तिच्यात ऐंशीच्या घरात चित्रपट आहेत. मराठी आणि हिंदीखेरीज बंगालीत मृणाल सेन, मल्याळममध्ये अरविंदन, गुजरातीत केतन मेहता असे एकमेकांशी काही नातं नसलेले दिग्दर्शक तिच्या वाट्याला आले. त्याच काळात ती प्रकाश मेहरा आणि रमेश सिप्पींकडेही काम करत होती. ‘निशांत’, ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ यांचे छायालेखक निहलानी होते. पुढे ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ या चित्रपटांचे ते दिग्दर्शक झाले. म्हणजे कॅमेऱ्यामागची एक नजर कायम ठेवून बाकीचं तपासायचं असेल तर तीही सोय आहे.

मराठी वाचकाने सुरुवात जब्बार पटेलांपासून करावी. ‘सामना’तली कमळी, ‘जैत रे जैत’मधली ठाकरांची चिंधी आणि ‘उंबरठा’तली सुलभा महाजन या तिघी एकाच दिग्दर्शकाच्या, एकाच नटीच्या, पण एकमेकींच्या ओसरीवरही बसणार नाहीत अशा. चिंधी डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढलेली आहे. तिच्या दृश्यांत कॅमेरा बऱ्याचदा लांब असतो, संगीत पुढे असतं आणि चेहरा लहान दिसतो. तिथे स्मिता पायांनी, कमरेने, मानेच्या झटक्याने बोलते. सुलभा सुधारगृहाची अधीक्षक आहे. टेबलामागे बसणारी, फायली पाहणारी. तिथे कॅमेरा जवळ आहे आणि अंगाची हालचाल जवळजवळ बंद आहे. तरीही दोघींत एक गोष्ट सारखी सापडते. समोरचा बोलत असताना ही बाई त्याच्यावरून नजर काढत नाही, आणि उत्तर देण्याआधी क्षणभर थांबते. ते थांबणं बिचकण्याचं नसतं, ऐकलेलं तोलून पाहण्याचं असतं. एका चित्रपटात ही लकब त्या पात्राची वाटली असती. तिसऱ्या चित्रपटात कळतं की ती नटीची आहे. पाचव्यात कळतं की ती नुसती लकबही नाही, कारण जिथे पात्राला ती शोभत नाही तिथे ती गाळलेली दिसते.

‘भूमिका’ तर पोटातच एक प्रयोग घेऊन आलेली आहे. उषा ही जुन्या बोलपटांच्या काळातली नटी. त्यामुळे चित्रपटातल्या चित्रीकरणाच्या प्रसंगांत स्मिता ‘अभिनय करणारी उषा’ करते, आणि घरच्या प्रसंगांत ‘अभिनय न करणारी उषा’. पहिल्या प्रकारात हातवारे मोठे, भुवया कामाला लागलेल्या, चेहरा थेट प्रेक्षागाराकडे. दुसऱ्यात हे सगळं काढून घेतलेलं. चेहरा तोच, दिग्दर्शक तोच, कॅमेरामनही तोच. त्यामुळे या दोहोंतला फरक इतर कुणाच्या खात्यावर टाकता येत नाही. बाविशीच्याही आत असलेल्या मुलीने हे केलं, आणि १९७७ या एकाच वर्षात चिंधी आणि उषा दोघी लोकांसमोर आल्या. ‘भूमिका’ला तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘चक्र’लाही मिळाला. पण पुरस्कार हा निकाल असतो, त्याने कारण कळत नाही. कारण हवं असेल तर ‘भूमिका’नंतर मृणाल सेन यांचा ‘आकालेर संधाने’ पाहावा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट करायला एका खेड्यात आलेल्या मंडळींची ती गोष्ट आहे. तिथे स्मिताने केलेल्या पात्राचं नावच स्मिता आहे, आणि तीही नटीच. आता ‘अभिनय न करणं’ हाच अभिनय होऊन बसतो. उषाचं घरातलं वागणं आणि या स्मिताचं साधं वागणं शेजारी ठेवलं, की दोन्ही किती मेहनतीने रचलेली आहेत ते दिसतं.

फसलेल्या आणि परक्या चित्रपटांचा उपयोग

इथे पहिला आक्षेप येतो. निवडक दहा चांगले चित्रपट पाहावेत, ‘डान्स डान्स’ कशाला पाहायचा? आक्षेप वेळेच्या दृष्टीने रास्त आहे, अभ्यासाच्या दृष्टीने नाही. चांगल्या चित्रपटात नटाला सगळीकडून आधार असतो. संवाद नेमके, प्रकाश विचारपूर्वक, समोरचा नट तोलाचा. दुबळ्या चित्रपटात हे आधार काढून घेतलेले असतात. तिथे नटाने स्वतःच्या जोरावर काय केलं ते उघडं पडतं, आणि त्याला काय जमत नव्हतं तेही. ‘नमक हलाल’मधल्या पावसाच्या गाण्यात स्मिता मला नेहमी तालाच्या अर्धी मात्रा मागे वाटते. अंग सांगितलेलं करतं आहे, त्याच्या पुढे जात नाही. पार्श्वगायनावर केलेल्या गाण्यात लय आधीच ध्वनिमुद्रित असते, हालचाल नृत्यदिग्दर्शकाने ठरवलेली असते, आणि थांबायला जागाच नसते. ऐकून तोलणं हे जिचं बलस्थान, तिला गाण्यात ऐकायला कुणीच नाही. हा निष्कर्ष फक्त ‘उंबरठा’ पाहून निघाला नसता.

व्यावसायिक चित्रपट म्हणजे वाया गेलेली स्मिता, असा एक सोयीचा समजही आहे. तो मात्र ‘शक्ती’ नीट पाहिला तर डळमळतो. दिलीपकुमार आणि अमिताभ यांच्यामध्ये तिला जागा थोडी आहे, पण ती जागा ती ऐकण्यानेच भरते.

याहून उपयोगी आहे ‘अर्थ’. तिथे पटकथा तिच्या विरुद्ध उभी आहे. सहानुभूती पूजाची, म्हणजे शबाना आझमीची, आणि स्मिताची कविता ही संसार मोडणारी दुसरी बाई. आपण अनेकदा पात्राविषयी वाटलेली कणव नटाच्या नावावर जमा करतो. शोषित बाईची भूमिका चांगली ‘वाटते’ ती काही अंशी शोषणामुळे. ‘अर्थ’मध्ये ही मदत मिळत नाही. कविताची असुरक्षितता, तिचं मनाने ढासळत जाणं, हे प्रेक्षक तिच्या बाजूला नसताना उभं करायचं होतं. ज्याला स्मिताचं श्रेय खात्रीने मोजायचं आहे त्याने ‘मंथन’आधी ‘अर्थ’ मोजावा.

दुसरं माणूस कशाला?

नजर एका वेळी एकाच जागी ठरते. पडद्यावर दोघं बोलत असतील तर आपण बोलणाऱ्याकडे पाहतो, ऐकणारा निसटतो. ‘आक्रोश’मध्ये किंवा सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’मध्ये ओम पुरींकडे पाहत राहणाऱ्याला स्मिताचा अर्धा अभिनय दिसतच नाही. शेजारी बसलेली मैत्रीण मात्र तिच्याकडेच पाहत असते. मग वाद होतो, आणि तो मिटवायला दृश्य मागे न्यावं लागतं. ‘मला आवडलं’ हे वाक्य एकट्याला पुरतं. समोर न पटणारं माणूस असलं की ‘कुठे?’ आणि ‘कशावरून?’ यांची उत्तरं द्यावी लागतात, आणि ती पडद्यावर बोट ठेवून द्यावी लागतात.

यात एक धोका आहे, आणि तो मोठा आहे. दोन माणसं पाहिलेली गोष्ट मिळून आठवू लागली की एकाची चूक दुसऱ्याच्या आठवणीत शिरते, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. एवढंच नव्हे, दोघांनी वेगवेगळं आठवून यादी एकत्र केली तर ती मोठी होते, आणि बरोबर बसून गप्पा मारत आठवलं तर लहान. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा आठवणीचा माग तुटतो. म्हणून चित्रपट संपल्या संपल्या बोलायला लागणं ही या उद्योगातली सर्वांत मोठी चूक. आधी दोघींनी आपापल्या वहीत लिहावं, मग तोंड उघडावं.

दुसरा धोका ओळखीचा. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेलं निरीक्षण असं, की एखादी गोष्ट नुसती पुनःपुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. तिसाव्या चित्रपटापर्यंत दोघींनाही स्मिता घरची वाटू लागणार, आणि मग तिचं सगळंच गोड. दोघी असल्याने हा दोष जात नाही, उलट एकमेकींना दुजोरा मिळून तो वाढतो. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून तिच्याविना असलेला त्याच दिग्दर्शकाचा चित्रपट पाहणं, म्हणजे बेनेगलांचा ‘अंकुर’ किंवा जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’. जे गुण आपण स्मिताचे म्हणून नोंदवले ते तिथेही दिसले, तर ते दिग्दर्शकाचे होते हे मान्य करून वहीतली ओळ खोडावी. जोडीदारही आपल्याच तालमीतला घेऊ नये. एकीला गाण्याचा कान असेल तर दुसरीला नाटकाची सवय असावी.

चौकट : ऐंशी जमणार नसतील तर
सहा चित्रपट पुरावेत, पण ते क्रम बदलून पाहावेत. ‘भूमिका’, मग ‘अर्थ’, मग ‘जैत रे जैत’, त्यानंतर ‘शक्ती’, मग ‘उंबरठा’ आणि शेवटी ‘मंडी’, कारण बेनेगलांच्या या विनोदी अंगाच्या चित्रपटातली झीनत आधीच्या पाचांवरून काढलेले निदान दोन निष्कर्ष खोटे पाडते. प्रत्येक चित्रपट एकदा अखंड पाहावा, नंतर फक्त स्मिताची तीन दृश्यं. त्यांतलं एक असं निवडावं ज्यात तिला वाक्य नाही.

तारखांचा घोळ आणि मृत्यूची सावली

ओळीने पाहिलं की नटाचा ‘विकास’ दिसतो, असं सगळे धरून चालतात. पण आपल्याकडे असते ती प्रदर्शनाची ओळ, चित्रीकरणाची नव्हे. त्या काळात एक नट एकाच महिन्यात तीन-चार चित्रपटांच्या शिफ्टमध्ये असे. कुठला चित्रपट पैशाअभावी रखडे, कुठला वितरकाअभावी. ‘गलियों का बादशाह’ १९८९ मध्ये आला, स्मिता जाऊन दोन वर्षं उलटल्यावर. प्रदर्शनाच्या क्रमाने वाढीचा आलेख काढणाऱ्याला कधी कधी रखडपट्टीचा आलेख मिळतो. मोठे टप्पे तरीही दिसतात, कारण ‘निशांत’ आणि ‘मिर्च मसाला’ यांच्यातलं अंतर कुठल्याही रखडपट्टीने पुसणारं नाही. पण लागोपाठच्या दोन चित्रपटांवरून कारणमीमांसा करू नये.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून, एकतिसाव्या वर्षी ती गेली, हे आपल्याला ठाऊक असतं. मग ‘मिर्च मसाला’च्या शेवटी हातात विळा घेऊन उभी असलेली सोनबाई आपल्याला निरोप देते आहे असं वाटू लागतं. चित्रपट तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाल्याने हा भास अधिकच बळावतो. पण कॅमेऱ्यापुढची बाई सुभेदाराची वाट पाहत होती, मरणाची नव्हे. कुलेशोव्हच्या प्रेक्षकांनी शवपेटी पाहून चेहऱ्यावर शोक वाचला, आपण चरित्र वाचून वाचतो, एवढाच फरक. यावर पक्का उपाय नाही. जोडीतल्या एकीला तिच्या आयुष्याची फारशी माहिती नसली तर सोन्याहून पिवळं. आजच्या विशीतल्या प्रेक्षकांत अशी जोडीदार मिळणं अवघड नाही.

असं चिरफाड करत पाहिलं तर आनंद कसा घ्यायचा, असंही विचारलं जातं. मैफलीत कोणती जागा कशी घेतली यावर बोलणाऱ्यांना गाणं कमी आवडतं, असा अनुभव कुणाचा असेल तर त्याने हा आक्षेप जरूर घ्यावा.

आवाज वेगळा काढला तर

शेवटची वजाबाकी कानाची. चित्रपटांत येण्याआधी स्मिता मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत होती. बातमी सांगताना चेहरा जवळजवळ स्थिर ठेवून अर्थ आवाजाच्या चढउताराने पोहोचवायचा असतो. पुढच्या कारकिर्दीतला तिचा खालच्या पट्टीतला, शब्दाला उगाच न घोळवणारा आवाज त्या शिस्तीशी जुळतो. शिस्तीमुळेच तो तसा झाला हे मात्र सिद्ध करता येणार नाही. कसंही असो, त्या काळातल्या मुख्य प्रवाहातल्या हिंदी चित्रपटांत पडद्यावरचा आवाज बहुधा सेटवरचा नसे. कॅमेरे घरघर आवाज करणारे, सेटवर गलका. त्यामुळे नट नंतर स्टुडिओत येऊन, आपलेच ओठ पडद्यावर पाहत संवाद पुन्हा म्हणे. यालाच डबिंग म्हणतात. म्हणजे नट प्रत्येक भूमिका दोनदा करतो, एकदा अंगाने, एकदा गळ्याने, आणि दोहोंमध्ये कधी कधी काही महिने जातात.

हे दोन अभिनय सुटे करून पाहता येतात. ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ म्हणूनही निघाला. कथा तीच, दिग्दर्शक तोच, सुलभेच्या जागी सावित्री, भाषा दुसरी. एकीने मराठी पाहावा, दुसरीने हिंदी, आणि त्याच प्रसंगांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. थांबण्याच्या जागा दोन्हींत जुळल्या तर त्या तिच्या शरीरातून आलेल्या, भाषेबरोबर सरकल्या तर वाक्याच्या घडणीतून. याची दुसरी बाजू ‘वारिस’मध्ये आहे. स्मिता गेल्यानंतर प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात तिच्या संवादांना रेखाचा आवाज आहे. एकटाच ‘वारिस’ पाहणाऱ्याला तो आवाज स्मिताचा वाटून जाईल. चाळीस चित्रपट ऐकून आलेल्या दोघींना मात्र पहिल्याच संवादाला कळतं की चेहरा अजून ऐकतो आहे आणि गळा आधीच बोलून मोकळा झाला आहे.